व्हर्च्युअल डेटाबेस मागच्या क्षणाला नेताना: कमांड लाइनवरच्या नोंदी

११ जून, सकाळ

टेस्टिंगसाठी दिलेल्या व्हर्च्युअल डेटाबेसवर आज नव्या रिलीजची मायग्रेशन स्क्रिप्ट, म्हणजे टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट, चालली. स्क्रिप्ट शेवटपर्यंत गेली, एरर एकही नाही. तासाभरानं कुणाच्या तरी लक्षात आलं की ऑर्डरच्या टेबलमधल्या सगळ्या रकमा पूर्णांकात आल्यात. कॉलमचा प्रकार न्यूमेरिकवरून (दशांशासकट) इंटिजरवर (पूर्णांक) नेला की पोस्टग्रेस, म्हणजे आमचं डेटाबेस सॉफ्टवेअर, मुकाट्यानं रक्कम जवळच्या पूर्णांकाला नेतं आणि दशांश कायमचे जातात. प्रकार परत बदलला तरी गेलेले पैसे परत येत नाहीत. म्हणजे डेटाबेस मागे नेण्याला पर्याय नाही.

टेस्टर मंडळींची अट अशी: मायग्रेशन सुरू होण्याच्या आधी, सकाळभर त्यांनी भरलेल्या नोंदी एकही न गमावता हव्यात. शक्य असेल तर नंतर भरलेल्याही हव्यात.

मांडणी अशी आहे. पोस्टग्रेस १५, खाली झेडएफएस ही फाइल सिस्टिम. मूळ डेटाबेसच्या एका स्नॅपशॉटवरून, म्हणजे एका क्षणाच्या गोठवलेल्या चित्रावरून, क्लोन (लिहिता येणारी प्रत) काढलाय, तोच हा व्हर्च्युअल डेटाबेस. क्लोन काढताना डेटाची नक्कल होत नाही. जुने ब्लॉक दोघांत सामाईक राहतात आणि जे बदललं तेवढंच नव्यानं लिहिलं जातं. क्लोनचे तीन डेटासेट, म्हणजे झेडएफएसचे वेगळे कप्पे, आहेत: डेटा, वॉल म्हणजे बदलांचा लॉग, आणि एक वेगळी टेबलस्पेस म्हणजे काही टेबलं ठेवायची वेगळी जागा. तिन्ही एकाच वडील डेटासेटखाली आहेत. या क्लोनचे स्वतःचे स्नॅपशॉट दर तासाला आणि रात्री दोनला निघतात. वॉलच्या फायली वेगळ्या आर्काइव्हमध्येही जातात. ही शेवटची गोष्ट नसती तर या नोंदी इथेच संपल्या असत्या.

११ जून, दुपार

आधी काय काय हाताशी आहे ते बघितलं. ‘झेडएफएस लिस्ट -टी स्नॅपशॉट’ला नाव, निर्मितीची वेळ, वापरलेली जागा आणि संदर्भित जागा असे कॉलम मागितले आणि निर्मितीच्या वेळेवर क्रम लावला. अकराचा स्नॅपशॉट आहे, बाराचाही आहे. मायग्रेशन अकरा ते बाराच्या मध्ये कधीतरी चाललं.

इथे वेळ गेला तो घड्याळांच्या घोळात. स्नॅपशॉटच्या नावात मशीनची स्थानिक वेळ आहे. डेटाबेसचा लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आहे. टेस्टर त्यांच्या स्क्रीनवर दिसलेली वेळ सांगतात. तीन माणसं तीन वेगवेगळ्या वेळांना ‘अकरा’ म्हणत होती. शेवटी ‘झेडएफएस गेट -पी क्रिएशन’ दिलं. ‘-पी’ लावलं की तारीख न छापता १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मिळतात, त्यात वाद घालायला जागा नाही. सगळं यूटीसीत उतरवून कागदावर एक रेघ ओढली आणि त्यावर प्रत्येक घटना मांडली. पुढचं सगळं काम त्या कागदावर झालं. तुम्हीही पहिली कमांड मारण्याआधी हे करा.

११ जून, संध्याकाळ

सगळ्यांचं म्हणणं एकच: ‘झेडएफएस रोलबॅक’ मारा, डेटासेट जागच्या जागी जुन्या स्नॅपशॉटला न्या आणि मोकळे व्हा. काही सेकंदांचं काम आहे हे खरं. पण मी ते अडवलं, त्याची कारणं लिहून ठेवतो.

रोलबॅक फक्त सगळ्यांत ताज्या स्नॅपशॉटपर्यंत जातं. त्याआधीच्या स्नॅपशॉटवर जायचं म्हटलं तर ते नकार देतं, मधल्या स्नॅपशॉटची यादी दाखवतं आणि लहान ‘-आर’ लावायला सुचवतं. लहान आर म्हणजे मधले सगळे स्नॅपशॉट नष्ट. मोठा ‘-आर’ लावला तर त्या स्नॅपशॉटवर उभे असलेले क्लोनही नष्ट. आमच्या बाराच्या स्नॅपशॉटवर दुसऱ्या टीमचा क्लोन उभा आहे आणि त्यांना याची गंधवार्ताही नाही. संदेश इतका मदतीच्या सुरात लिहिलेला असतो की घाईत माणूस सुचवलेलं अक्षर टाइप करून मोकळा होतो.

दुसरं, ‘झेडएफएस डिस्ट्रॉय’ला ‘-एनव्ही’ लावून नुसतं बघता येतं की काय काय जाईल. रोलबॅकला तशी सोयच नाही. तिसरं, डेटाबेस चालू असताना रोलबॅक झालं तर पोस्टग्रेसच्या मेमरीत नवी पानं असतात आणि डिस्कवर जुनी. पुढच्या चेकपॉइंटला, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवले जातात तेव्हा, ती नवी पानं जुन्या डेटावर लिहिली जातात आणि जे तयार होतं ते ना कालचं ना आजचं.

आणि सगळ्यांत मोठं कारण: अकराच्या स्नॅपशॉटला गेलो तर अकरानंतर मायग्रेशनपर्यंत भरलेलं सगळं जातं. टेस्टरना नेमकं तेच हवंय.

म्हणून ठरलं असं: जे आहे त्याला हात लावायचा नाही. जुन्या स्नॅपशॉटवरून शेजारी नवा क्लोन काढायचा, आर्काइव्हमधलं वॉल त्यावर परत चालवून (यालाच रिकव्हरी म्हणतात) तो मायग्रेशनच्या अलीकडच्या क्षणापर्यंत पुढे आणायचा, तपासायचा, आणि मग नावांची अदलाबदल करायची. मागे जायचं ते आजचं काहीही न मोडता.

घरी जाण्याआधी आजच्या सगळ्या स्नॅपशॉटवर ‘झेडएफएस होल्ड’ लावलं. होल्ड असलेला स्नॅपशॉट रिलीज केल्याशिवाय काढून टाकता येत नाही. रात्री साफसफाईची स्क्रिप्ट चालते, तिच्यावर भरवसा ठेवायची ही वेळ नव्हे.

१२ जून

अकराच्या स्नॅपशॉटवरून तिन्ही डेटासेटचे क्लोन काढले. क्लोन क्षणात झाले. त्यानंतर लगेच डेटाबेस सुरू करायचा मोह होतो. तसं करू नका. सुरू करण्याआधी चार ठिकाणी बघावं लागतं, आणि त्यातलं पहिलं फार घातक आहे.

पहिलं म्हणजे पीजी_टीबीएलएसपीसी ही डिरेक्टरी. तिच्यात टेबलस्पेसकडे जाणाऱ्या सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या डिरेक्टरीकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या, असतात आणि त्या पूर्ण पत्त्याच्या असतात. क्लोनमध्येही तोच पत्ता येतो. म्हणजे नवा क्लोन सुरू झाला की त्याची रिकव्हरी चालू असलेल्या जुन्या डेटाबेसच्या टेबलस्पेसमध्ये लिहायला लागते. ‘एलएस -एल’ मारलं तेव्हा लिंक सरळ जुन्या डेटाबेसच्या डिरेक्टरीकडे बोट दाखवत होती. ‘एलएन -एसएफएन’नं ती नव्या क्लोनच्या टेबलस्पेसकडे वळवली. ‘एन’ विसरलात तर नवी लिंक जुन्या लिंकच्या पोटात, म्हणजे जुन्याच टेबलस्पेसमध्ये तयार होते. म्हणून वळवल्यावर पुन्हा ‘एलएस -एल’ मारून डोळ्यांनी खात्री करा. पीजी_वॉलही आमच्याकडे लिंकच आहे, तीही तशीच वळवली.

दुसरं, पोस्टमास्टर.पिड. स्नॅपशॉट चालू डेटाबेसचा असल्यामुळे ही फाइल क्लोनमध्ये आली. तिच्यातला प्रोसेस क्रमांक याच मशीनवर जिवंत आहे, कारण जुना डेटाबेस चालू आहे. पोस्टग्रेसला वाटतं की या डिरेक्टरीवर आधीच कुणीतरी बसलंय आणि ते सुरू व्हायला नकार देतं. ही फाइल फक्त क्लोनमधून काढायची. टर्मिनलच्या दोन खिडक्या उघड्या असतील तर आधी ‘पीडब्ल्यूडी’ मारा.

तिसरं, पोर्ट: आधीचा जुन्या डेटाबेसकडे आहे, क्लोनला वेगळा द्यायचा. चौथं, आर्काइव्ह मोड. नवा क्लोन जुन्याच्याच आर्काइव्हमध्ये वॉल पाठवायला लागला तर दोघांची ओळख एकच असल्यामुळे आर्काइव्हमध्ये सरमिसळ होते, आणि आपली सगळी भिस्त त्या आर्काइव्हवर आहे. म्हणून पहिल्यांदा सुरू करण्याआधीच आर्काइव्ह मोड बंद. हे बदल पोस्टग्रेसएसक्यूएल.कॉन्फमध्ये करून भागत नाही. ‘ऑल्टर सिस्टिम’नं कधी काही बदललं असेल तर ते पोस्टग्रेसएसक्यूएल.ऑटो.कॉन्फमध्ये बसतं आणि तिचाच शब्द शेवटचा असतो. दोन्ही फायली वाचा.

इतकं करून क्लोन सुरू केला आणि पॅनिक: वैध चेकपॉइंट रेकॉर्ड सापडत नाही.

दिवसाचा उरलेला भाग यातच गेला. आधी वाटलं लिंक चुकली. लिंक बरोबर होत्या. मग तासाची स्नॅपशॉट स्क्रिप्ट उघडून बघितली तेव्हा कळलं घोडं कुठे पेंड खातंय. ती आधी वॉलचा स्नॅपशॉट घेते, मग डेटाचा, मग टेबलस्पेसचा, तीन वेगळ्या कमांडनी. नेमका त्या मधल्या वेळात चेकपॉइंट झाला होता. डेटामधली कंट्रोल फाइल ज्या चेकपॉइंटकडे बोट दाखवते, तो वॉलच्या स्नॅपशॉटनंतरचा आहे. म्हणजे डेटा पुढे आणि लॉग मागे.

झेडएफएसचा एक स्नॅपशॉट अणुवत असतो, अर्धवट कधीच नसतो. पण तीन कमांडनी घेतलेले तीन स्नॅपशॉट मिळून एक क्षण होत नाही. वडील डेटासेटवर ‘झेडएफएस स्नॅपशॉट -आर’ मारलं (लहान आर, इथे त्यानं काही नष्ट होत नाही) की खालचे सगळे एकाच क्षणाचे होतात. तासाची स्क्रिप्ट लिहिताना हे सुटलं. याचा अर्थ तासाचा एकही स्नॅपशॉट विश्वासाचा नाही, सुरू झाला तरीही नाही. मधल्या वेळात चेकपॉइंट झाला नसेल तर पोस्टग्रेस तक्रार न करता उठू शकतं आणि काही पानं लॉगच्या पुढची राहू शकतात. ते आज न दिसता पुढच्या महिन्यात दिसेल.

रात्री दोनची स्क्रिप्ट वेगळ्या माणसानं लिहिलीय आणि तिच्यात ‘-आर’ आहे. म्हणून तिथून सुरुवात करायची. किंमत एकच: दोनपासून मायग्रेशनपर्यंतचं सगळं वॉल परत चालवावं लागणार.

जाता जाता तासाच्या स्क्रिप्टमध्ये ‘-आर’ घातलं. आधी एक ‘चेकपॉइंट’ही घातला, म्हणजे क्लोन उठताना क्रॅश रिकव्हरीला (अचानक बंद पडल्यानंतरच्या दुरुस्तीला) फारसं काही उरत नाही.

१३ जून

आज नेमका क्षण शोधायचा. ‘साधारण साडेअकरा’ यावर डेटाबेस मागे नेता येत नाही.

डेटाबेसच्या लॉगमध्ये ‘ऑल्टर टेबल’चं वाक्य सापडलं, पण ती वाक्य आल्याची वेळ. कमिट, म्हणजे बदल पक्का होणं, कधी झालं ते वेगळं. मोठ्या टेबलचा कॉलम बदलताना अख्खं टेबल नव्यानं लिहिलं जातं, त्यामुळे या दोन वेळांत चांगलं अंतर असतं. आणि मधल्या त्या वेळात इतर टेबलांवर टेस्टरचे कमिट होत होते. ते आपल्याला हवेत.

खरं उत्तर वॉलमध्येच असतं. आर्काइव्हमधून त्या सुमाराच्या फायली वेगळ्या डिरेक्टरीत काढल्या आणि वॉल वाचून दाखवणाऱ्या ‘पीजी_वॉलडंप’ला ‘--आरएमजीआर=ट्रान्झॅक्शन’ देऊन चालवलं. हे टूल डेटाबेसच्याच मुख्य आवृत्तीचं लागतं, १५ च्या वॉलला १५ चंच. ते वेळ छापतं ती मशीनच्या स्थानिक वेळेत, म्हणून आधी टीझेड हे व्हेरिएबल यूटीसी केलं. नाहीतर परवाचा घोळ पुन्हा.

स्क्रीनवर कमिटच्या ओळीच ओळी येतात. प्रत्येकीत ट्रान्झॅक्शनचा (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गटाचा) क्रमांक, लॉगमधलं ठिकाण आणि वेळ. टेस्टरच्या रोजच्या नोंदींच्या ओळी आखूड असतात, वेळेपाशी संपतात. पण जिथे टेबलची रचना बदलते तिथे कमिटच्या ओळीला लांबलचक शेपूट येतं: इनव्हॅल मेसेजेस, मग कॅटकॅश, कॅटकॅश, रेलकॅश आणि पुढे आकडे. रचना बदलली की रेप्लिकावरच्या, म्हणजे डेटाबेसच्या सतत ताज्या राहणाऱ्या प्रतीवरच्या, सेशननीही आपल्या कॅश टाकून द्याव्यात म्हणून हे निरोप कमिटमध्येच लिहिले जातात. आखूड ओळींच्या रांगेत ती लांब ओळ डोळ्याला लगेच सापडते. शेपटातला रेलकॅशचा आकडा ‘पीजी_क्लास’मधल्या ऑर्डर टेबलच्या ओआयडीशी, म्हणजे पोस्टग्रेसच्या आतल्या क्रमांकाशी, ताडून बघितला. तेच टेबल.

मायग्रेशन तीन ट्रान्झॅक्शनमध्ये गेलं होतं, त्यातलं हे पहिलं. थांबायचं ते याच्या आधी.

वेळ देऊन थांबवण्यापेक्षा ट्रान्झॅक्शनचा क्रमांक दिलेला बरा असं माझं मत झालं. रिकव्हरी_टार्गेट_एक्सआयडीमध्ये हा क्रमांक आणि रिकव्हरी_टार्गेट_इन्क्लुझिव्ह बंद, म्हणजे ‘हा सोडून’. क्रमांक सुरुवातीच्या क्रमानं मिळतात पण कमिट कुठल्याही क्रमानं होतं, हे लक्षात ठेवायचं. रिकव्हरीत येतं ते या ट्रान्झॅक्शनच्या कमिटआधी ज्यांचं कमिट झालं ते सगळं, मग क्रमांक त्याच्यापेक्षा मोठा का असेना. आपल्याला नेमकं हेच हवंय. वेळ दिली असती तर दशांश सेकंदांशी झुंजत बसलो असतो.

१४ जून

रात्री दोनच्या स्नॅपशॉटवरून नवे क्लोन काढले. परवाच्या चारही गोष्टी पुन्हा केल्या. मग रिस्टोअर_कमांड (आर्काइव्हमधून वॉल फाइल आणून देणारी), टार्गेट, आणि टार्गेटला पोचल्यावर काय करायचं तर ‘पॉज’. शेवटी डेटा डिरेक्टरीत रिकव्हरी.सिग्नल नावाची रिकामी फाइल.

आमच्या जुन्या चेकलिस्टमध्ये रिकव्हरी.कॉन्फ लिहिलं होतं. ती फाइल २०१९ मध्ये, आवृत्ती १२ पासून, गेली. नुसती निरुपयोगी झाली असंही नाही. ती डिरेक्टरीत दिसली तर सर्व्हर उठतच नाही. चेकलिस्टचं ते पान फाडलं.

सुरू केलं, लगेच बंद पडलं: एकापेक्षा जास्त रिकव्हरी टार्गेट दिलेत. मी तर एकच दिलं होतं. पुन्हा ती ऑटो.कॉन्फ. मागे कधीतरी हाच व्हर्च्युअल डेटाबेस कुणीतरी वेळ देऊन मागे नेला होता आणि ते रिकव्हरी_टार्गेट_टाइम तिच्यात तसंच पडून होतं. रिकव्हरी.सिग्नल नसेल तर ते कुणी बघत नाही, म्हणून इतके दिवस कळलं नाही. ओळ काढली.

दुसऱ्यांदा नीट सुरू झालं. पीजी_बॅकअप_स्टार्ट न करता, म्हणजे बॅकअप सुरू होतोय हे डेटाबेसला न सांगता, घेतलेल्या स्नॅपशॉटवरून हे चालतं का, अशी शंका टीममध्ये होती. चालतं. पोस्टग्रेस आधी पीजी_वॉलमध्ये असलेल्या लॉगवर नेहमीची क्रॅश रिकव्हरी करतं, आणि तो संपला की आर्काइव्हकडे वळतं. अट इतकीच की स्नॅपशॉट एकाच क्षणाचा हवा आणि टार्गेट त्या क्षणानंतरचं हवं.

‘पीएस’मध्ये स्टार्टअप प्रोसेसच्या नावापुढे सध्या चालू असलेल्या वॉल फाइलचं चोवीस अक्षरी नाव दिसतं. त्याचे शेवटचे आकडे सरकताना बघून कुठवर आलो ते कळतं. टार्गेटची फाइल माहीत आहे, सरकण्याचा वेग दिसतोय, त्यावरून अंदाज बांधला. हे काम एकच प्रोसेस एका मागोमाग करते, मशीनला कोअर कितीही असोत.

सगळं छान चाललेलं असताना अर्ध्या वाटेवर फेटल: टार्गेट गाठण्याआधीच रिकव्हरी संपली. म्हणजे पुढची वॉल फाइल मिळाली नाही. आर्काइव्हमध्ये बघितलं तर फाइल आहे, पण कॉम्प्रेस केलेली. जागा वाचवायला कुणीतरी एक जॉब लावलाय, तो काही तासांपूर्वीच्या फायली जीझिप करतो, पण काही कारणानं मधल्या पट्ट्यातल्याच झाल्या होत्या. माझी रिस्टोअर_कमांड साधी ‘सीपी’ होती, तिला नुसतं नाव हवं होतं.

आवृत्ती १३ पासून असं झालं की सर्व्हर बंद पडतो, हे फार चांगलं झालंय. त्याआधी तो मिळालं तेवढ्यावर समाधान मानून उठायचा आणि टार्गेटच्या अलीकडेच थांबलाय हे आपल्याला तपासल्याशिवाय कळायचं नाही.

रिस्टोअर_कमांड बदलली: आधी साधी फाइल शोध, नसेल तर ‘गनझिप -सी’नं उघडून दे, दोन्ही नसेल तर शून्य सोडून दुसरा कोड परत कर. हा परतीचा कोड महत्त्वाचा आहे, त्यावरूनच पोस्टग्रेसला कळतं की फाइल नाही. मध्ये पाइप टाकला तर शेल शेवटच्या कमांडचा कोड देतं आणि खरा अपयशाचा कोड लपतो. पाइप टाकू नका.

परत सुरू केलं तेव्हा पहिल्यापासून सुरुवात झाली नाही. शेवटच्या रीस्टार्टपॉइंटपासून, म्हणजे रिकव्हरीतल्या चेकपॉइंटपासून, पुढे गेलं, त्यामुळे फार नुकसान झालं नाही.

दिवस मावळता टार्गेट आलं आणि लॉगमध्ये ओळ आली की रिकव्हरी थांबवलीय, अमुक ट्रान्झॅक्शनच्या कमिटआधी. डेटाबेस फक्त वाचता येतोय.

तपासलं. ऑर्डर टेबलचा कॉलम न्यूमेरिक आहे, रकमांना दशांश आहेत. टेस्टरनी मायग्रेशनआधी भरलेली शेवटची नोंद त्यांनी क्रमांकासकट सांगितली होती, ती आहे. ‘ऑल्टर’ चालू असताना दुसऱ्या टेबलांवर झालेले कमिटही आहेत. ते बघून फार बरं वाटलं, कारण वेळ देऊन थांबलो असतो तर तेच निसटले असते.

आता एक गोष्ट, जी मला कुठल्याच चेकलिस्टमध्ये सापडली नाही आणि जी मी यापुढे कधी सोडणार नाही. डेटाबेस पॉजवर असताना, पुढे जाण्याआधी, या क्लोनचाच ‘-आर’ स्नॅपशॉट घेतला. इथून ‘पीजी_वॉल_रीप्ले_रिझ्यूम’ म्हटलं की रिकव्हरी संपते, नवी टाइमलाइन, म्हणजे लॉगचा वेगळा फाटा, सुरू होते आणि मग आर्काइव्हमधलं आणखी वॉल लावता येत नाही. उद्या टेस्टर म्हणाले की अजून थोडं पुढे हवं होतं, तर या स्नॅपशॉटवरून क्लोन काढायचा, टार्गेट पुढे सरकवायचं आणि उरलेलं चालवायचं. दिवसभर चाललेलं वॉल पुन्हा चालवावं लागणार नाही.

मग रिझ्यूम. नवी टाइमलाइन सुरू झाली.

१५ जून

अदलाबदल. जुना डेटाबेस ‘पीजी_सीटीएल स्टॉप -एम फास्ट’नं बंद केला, ‘झेडएफएस रिनेम’नं त्याच्या नावाला ‘जुना’ जोडलं, नव्याला त्याचं नाव आणि पोर्ट दिला. माउंटचा पत्ता बदलला की टेबलस्पेस आणि वॉलच्या लिंक पुन्हा वळवाव्या लागतात. आर्काइव्ह मोड सुरू केला, पण नव्या रिकाम्या डिरेक्टरीत. ॲप्लिकेशनचे कनेक्शन पूल रीस्टार्ट केले.

पहिल्या तासात टेस्टरची तक्रार: सगळं संथ चाललंय. अशा रिकव्हरीनंतर टेबलांच्या हालचालींचे जमा झालेले आकडे शून्यावर येतात, त्यामुळे कुठल्या टेबलाला ॲनलाइझ करायचं (क्वेरीच्या आखणीसाठी नमुना घेऊन आकडे ताजे करायचे) हे ऑटोव्हॅक्युम या आपोआप चालणाऱ्या कामाला कळत नाही. सगळ्या डेटाबेसवर ‘ॲनलाइझ’ चालवलं. तक्रार थांबली.

मग मायग्रेशननंतरच्या नोंदी. ‘जुना’ दुसऱ्या पोर्टवर सुरू केला आणि त्या वेळेनंतरच्या नोंदी ‘कॉपी’नं फाइलमध्ये काढल्या, कॉलमची नावं एकेक लिहून. नव्यात भरल्या आणि सीक्वेन्सचा (नव्या नोंदींना क्रमांक देणाऱ्या मोजणीचा) आकडा ‘सेटव्हॅल’नं पुढे नेला. हे विसरलं तर पुढची नवी नोंद आधीच वापरलेला क्रमांक घेऊन आदळते. या नोंदींतल्या रकमा मात्र पूर्णांकच आहेत, दशांश त्यात कधी साठलेच नाहीत. टेस्टरना ती यादी वेगळी दिली, त्यांनी हातानं दुरुस्त केली.

१७ जून

नव्या डेटाबेसच्या वॉल डेटासेटची जागा वाढत चाललीय, कमी होतच नाही. ‘पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स’ बघितलं तर एक निष्क्रिय स्लॉट. मूळ डेटाबेसला एक रेप्लिका आहे, तिचा स्लॉट (तिनं वॉल कुठवर वाचलं याची खूण) स्नॅपशॉटमधून क्लोनमध्ये आला आणि तिथून इथे. इथे त्याला घेणारं कुणी नाही, आणि स्लॉट म्हणतो की मी वाचेपर्यंत वॉल टाकू नका. ‘पीजी_बेसबॅकअप’ स्लॉट सोबत आणत नाही, स्नॅपशॉट सगळंच आणतो. ‘पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट’ केलं, चेकपॉइंट दिला, जागा मोकळी झाली. चेकलिस्टमध्ये घातलं. सब्स्क्रिप्शन आणि ठरल्या वेळी मेल पाठवणारे जॉबही त्याच ओळीत घातले. तेही असेच न बोलावता येतात.

१९ जून

टेस्टरनी हिरवा कंदील दिला, म्हणून ‘जुना’ काढायला गेलो. झेडएफएसचा नकार: यावर अवलंबून क्लोन आहेत. बरोबरच आहे. नवा डेटाबेस ‘जुना’च्या रात्री दोनच्या स्नॅपशॉटवर उभा आहे, ‘झेडएफएस गेट ओरिजिन’ तेच सांगतं. इथे पुन्हा मोठ्या आरची सूचना येते. ती मानली असती तर नवा डेटाबेसच गेला असता.

योग्य कमांड ‘झेडएफएस प्रमोट’. त्यानं नातं उलटं होतं: रात्री दोनचा आणि त्याआधीचे स्नॅपशॉट नव्याकडे जातात आणि ‘जुना’ नव्यावर अवलंबून राहतो. तिन्ही डेटासेटना वेगवेगळं प्रमोट करावं लागतं, वडिलांना केलं म्हणून मुलांना होत नाही. प्रमोटनंतर नव्याची वापरलेली जागा एकदम फुगलेली दिसते. जागा नवी लागलेली नसते, फक्त हिशेब त्याच्या नावावर आलेला असतो.

दुसऱ्या टीमचा क्लोन ‘जुना’च्या बाराच्या स्नॅपशॉटवर आहे, त्यामुळे ‘जुना’ अजून जाणार नाही. त्यांना मात्र कळवलं की त्यांचा क्लोन तासाच्या स्क्रिप्टनं घेतलेल्या स्नॅपशॉटवरून काढलाय आणि मायग्रेशननंतरचाही आहे. ते सोमवारी नवा घेणार आहेत.

२१ जून

मायग्रेशन चालवणाऱ्या स्क्रिप्टच्या डोक्यावर दोन ओळी घातल्या. एक, वॉलमध्ये नावाची खूण घालणारं ‘पीजी_क्रिएट_रिस्टोअर_पॉइंट’, नावात रिलीजचा क्रमांक आणि यूटीसी वेळ. दोन, ‘झेडएफएस स्नॅपशॉट -आर’. पुढच्या वेळी वॉलडंपमध्ये शोधाशोध नको, रिकव्हरी_टार्गेट_नेममध्ये ते नाव दिलं की झालं. नाव दर वेळी वेगळंच हवं. एकाच नावाचे दोन पॉइंट असले तर रिकव्हरी पहिल्यापाशीच थांबते आणि तो मागच्या महिन्यातला असू शकतो.

आज एका टाकाऊ क्लोनवर सगळं पहिल्यापासून करून बघितलं: क्लोन, लिंक, पिड, पोर्ट, आर्काइव्ह बंद, ऑटो.कॉन्फ, सिग्नल, पॉज, स्नॅपशॉट, रिझ्यूम, स्लॉट, ॲनलाइझ. रिस्टोअर पॉइंटच्या आधी तासाचा धड स्नॅपशॉट असल्यामुळे चालवायला वॉल थोडंच होतं आणि चहा संपायच्या आत डेटाबेस पॉजवर येऊन थांबला. स्क्रिप्ट अजून लिंक वळवल्यावर थांबते आणि ‘एलएस -एल’चा निकाल दाखवून माणसाकडून होकार मागते. ती पायरी मी मुद्दाम ठेवलीय. कॉम्प्रेशनचा जॉब कुणाचा आहे ते अजून शोधायचंय, आणि तो सापडेपर्यंत ११ जूनच्या स्नॅपशॉटवरचे होल्ड काढणार नाही.